फादरांची बदली : धर्मग्रामाची स्मृती कोणाजवळ राहते?

वसईच्या कॅथॉलिक समाजात 'बदली' हा सरकारी खात्यांतून आलेला शब्द धर्मगुरूंच्या बाबतीत इतका रुळला आहे की त्यात काही खटकण्याजोगे आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. तहसीलदाराची बदली होते, शिक्षकाची होते, तशी फादरांचीही होते, आणि ती बहुधा पावसाळ्याच्या तोंडावर, शाळेचे नवे वर्ष सुरू होण्याच्या सुमारास होते. चर्चच्या कायद्याची भाषा मात्र निराळी आहे. त्या कायद्याच्या दृष्टीने प्रमुख धर्मगुरू हा धर्मग्रामावर नेमलेला अंमलदार नसून त्या धर्मग्रामाचा 'स्वतःचा मेंढपाळ' असतो, आणि मेंढपाळाची बदली ही कल्पना कळपाच्या बाजूने पाहू गेल्यास चमत्कारिकच ठरते.

येथे काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. धर्मप्रांत म्हणजे बिशपांच्या अधिकाराखालील प्रदेश, आणि धर्मग्राम म्हणजे त्या धर्मप्रांताचा असा घटक की ज्याला स्वतःचे चर्च, एक प्रमुख धर्मगुरू, बहुधा एक-दोन सहाय्यक धर्मगुरू, दफनभूमी, नोंदवह्या आणि, वसईपुरते बोलायचे तर, बहुतेक ठिकाणी एक शाळाही असते. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईच्या महाधर्मप्रांतातून वेगळा झाला. परंतु पापडी, रमेदी, सांडोर, नंदाखाल, आगाशी या त्यातील जुन्या धर्मग्रामांची मुळे सोळाव्या शतकात, म्हणजे १५३४ साली सुरू झालेल्या पोर्तुगीज अमदानीत आहेत. आज या सर्वांना लागू असलेली चर्च-कायद्याची संहिता १९८३ची असून तिच्या ५१५व्या कलमात धर्मग्रामाची व्याख्या करताना इमारत किंवा हद्द यांपासून सुरुवात न करता 'श्रद्धावंतांचा स्थिर समुदाय' येथून सुरुवात केलेली आहे. 'स्थिर' हे विशेषण तेथे समुदायाला लावलेले आहे. धर्मगुरूच्या स्थैर्याचा विचार पुढे, ५२२व्या कलमात, स्वतंत्रपणे येतो, आणि वादाला तोंड फुटते ते तेथे.

हा वाद पुढे दोन व्यक्तींच्या तोंडी घातला आहे. त्या कल्पित आहेत. त्यांची मते मात्र बदलीच्या पत्राचे वाचन झालेल्या कोणत्याही रविवारी, मिस्सा (म्हणजे सामूहिक उपासना) सुटल्यावर, चर्चच्या आवारात कानांवर पडण्याजोगी आहेत. त्यांतील एक निवृत्त मुख्याध्यापक असून अनेक वर्षे त्यांनी चर्चचे गायनमंडळ सांभाळलेले आहे. दुसरी त्यांची एके काळची विद्यार्थिनी असून ती सहकारी बँकेत नोकरी करते आणि धर्मग्रामाच्या अर्थसमितीवर आहे. अर्थसमिती ही कायद्याने प्रत्येक धर्मग्रामात सक्तीची आहे, तर पॅरिश कौन्सिल, म्हणजे धर्मग्रामाच्या एकूण जीवनाविषयी विचार करणारे लोकप्रतिनिधींचे मंडळ, बिशपांना योग्य वाटल्यास स्थापन होते आणि त्याचे मत केवळ सल्ल्याचे असते. मुख्याध्यापकांना ती आजही 'सर' म्हणते आणि ते तिला 'तू' म्हणतात.

सरांचा पहिला मुद्दा कायद्याच्याच आधाराने आला. "पाचशे बाविसावे कलम सांगते की प्रमुख धर्मगुरूला स्थैर्य हवे आणि म्हणून त्याची नेमणूक बेमुदत असावी. ठरावीक मुदतीसाठी नेमायचे असेल तर देशाच्या बिशपमंडळाने तशी परवानगी देणारा ठराव आधी केलेला असला पाहिजे. म्हणजे बेमुदत नेमणूक हा नियम आणि मुदतीची नेमणूक हा अपवाद. आज पाच-सहा वर्षे झाली की लोकच हिशेब मांडू लागतात, फादर यंदा जाणार की पुढच्या वर्षी. अपवाद घरात शिरला आणि त्याने नियमाला ओसरीवर बसवले, त्याचे काय?"

"सर, नियम ओसरीवर गेला त्याला कारण आहे," असे म्हणून हिशेबनीस बाईंनी जे उत्तर दिले ते या संपूर्ण वादातील सर्वांत व्यवहारी उत्तर म्हणावे लागेल. "बेमुदत नेमलेल्या धर्मगुरूला हलवायचे झाले तर काही तरी कारण कागदावर आणावे लागते. तो कामाला पुरा पडत नाही, लोकांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला आहे, हिशेब बिघडला आहे, असे काही तरी दाखवावे लागते. मुदत असली की कोणाचा दोष सिद्ध करावा लागत नाही. मुदत भरली, पत्र आले, सत्कार झाला, फादर गेले. ज्याचे जमले नाही तोही मानाने जातो आणि ज्याचे फार जमले तोही मानाने जातो."

तिने जे थोडक्यात सांगितले त्यामागे मोठा इतिहास आहे. १९१७च्या संहितेत धर्मगुरूंचे दोन वर्ग होते : काहींना हलवता येत असे आणि काही जवळजवळ अचल मानले जात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी प्रसृत केलेल्या बिशपांच्या कार्याविषयीच्या आदेशपत्राने हा भेद काढून टाकला आणि प्रत्येक प्रमुख धर्मगुरूला आत्म्यांच्या हिताला आवश्यक तेवढे स्थैर्य असावे, असे सांगितले. म्हणजे स्थैर्य हा धर्मगुरूचा हक्क न राहता लोकांच्या हिताचे साधन ठरला, आणि साधन एकदा ठरले की ते किती वापरावे हा प्रश्न उघडा होतोच. बेमुदत नेमणूक असलेल्या, काम चांगले चाललेल्या धर्मगुरूची बदली करावयाची असल्यास बिशपांनी ती लेखी सुचवावी, देवाच्या आणि आत्म्यांच्या प्रेमाखातर मान्य करण्यास त्याचे मन वळवावे, तो नाही म्हणाला तर त्याने लेखी कारणे द्यावीत, दोन अन्य धर्मगुरूंसह त्या कारणांचा विचार व्हावा, आणि मगच अंतिम आदेश निघावा, अशी पद्धत संहितेच्या शेवटच्या पाच कलमांत घालून दिलेली आहे. संहितेचे १७५२वे आणि अखेरचे कलम याच बदलीच्या प्रकरणात येते, आणि आत्म्यांचे तारण हाच चर्चचा सर्वोच्च कायदा असला पाहिजे हे बहुश्रुत तत्त्व तेथेच उच्चारलेले आहे. एवढ्या मोठ्या संहितेचा शेवट एका धर्मगुरूच्या बदलीवर व्हावा, याकडे वकिलांपेक्षा बदलीचे पत्र ऐकणाऱ्या लोकांचे लक्ष जायला हवे होते. मुदतीच्या नेमणुकीत ही सारी पायरीपायरीची वाट वगळली जाते, कारण मुदत संपल्याचे लेखी कळवले की पद आपोआप सुटते.

सरांना हे मान्य होते, तरी त्यांची तक्रार पद्धतीविषयी नव्हती, ओळखीविषयी होती. "कलम पाचशे एकोणतीस म्हणते की धर्मगुरूने आपली माणसे ओळखावीत, घरोघरी जावे, दुःखात वाटा घ्यावा. आता गणित मांड. हजार कुटुंबांचे धर्मग्राम धर. फादर आठवड्याचे चार दिवस संध्याकाळी निघाले आणि रोज दोन घरे केली, तर आठवड्याला आठ, वर्षाला चारशे. प्रायश्चित्तकाळ, लग्नसराई, परीक्षा, सण, ताप-खोकला सोडून दे. तरीही सगळी घरे एकदा पाहायला अडीच वर्षे लागतात, आणि प्रत्यक्षात तीन. सहा वर्षांतली तीन वर्षे ओळख करून घेण्यात गेली. शेवटच्या घरी दुसऱ्यांदा जाण्याची वेळ येते तेव्हा फादरांच्या सामानाला खोकी शोधायची वेळ आलेली असते."

या गणितात चूक काढणे अवघड आहे. बाईंनी ती काढलीही नाही. त्यांनी गणिताच्या मागचे गृहीतच नाकारले. सगळ्या घरांची ओळख एकाच माणसाच्या डोक्यात असली पाहिजे असे का मानावे, हा त्यांचा प्रश्न होता. आळीआळीतून लहान ख्रिस्ती समूह आहेत, आजाऱ्यांना भेटणाऱ्या बायका आहेत, सेंट व्हिन्सेंट दी पॉल संस्थेची माणसे कोणाच्या घरी चूल पेटत नाही ते जाणून असतात, आणि शिवाय चर्चच्या कार्यालयात नोंदवह्या आहेत. "चर्चने सगळ्यात जास्त विश्वास माणसाच्या आठवणीवर टाकलेला नाही, सर, वहीवर टाकलेला आहे," असे त्या म्हणाल्या, आणि बँकेत काम करणाऱ्या व्यक्तीच्या तोंडी ते शोभलेही.

या वह्यांकडे जरा जवळून पाहावे. प्रत्येक धर्मग्रामाने स्नानसंस्कार, लग्न आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवाव्यात असा नियम आहे. स्नानसंस्कार म्हणजे ज्या विधीने माणूस ख्रिस्ती समुदायात प्रवेश करतो तो बाप्तिस्मा. स्नानसंस्काराच्या वहीतील नोंद ही एकदा लिहून मिटवायची नोंद नसते. मुलाचे नाव, आईबाप, जन्मतारीख, संस्काराची तारीख, साक्षीदार म्हणून उभे राहिलेले धर्ममातापिता आणि संस्कार करणारा धर्मगुरू एवढे लिहिल्यावर पानाच्या कडेला समास कोरा सोडलेला असतो, आणि त्या समासात आयुष्य हळूहळू येऊन बसते : दृढीकरण संस्कार झाला त्याची तारीख, लग्न झाले त्याची, कोणी धर्मभगिनी झाली किंवा दीक्षा घेऊन धर्मगुरू झाला तर त्याची. लग्न दुसऱ्या गावी, अगदी दुसऱ्या देशात लागले, तरी तेथून कळवले जाते आणि मूळ गावच्या त्या पानावर, त्या समासात, ते लिहिले जाते. एका पानावर त्यामुळे तीन-चार धर्मगुरूंची अक्षरे भेटतात. नोंद एकाची, दृढीकरण दुसऱ्याचे, लग्न तिसऱ्याचे, शाई निळी, काळी, मध्येच बॉलपेनची. आणि साठ वर्षांच्या माणसाला आपला दाखला हवा असतो तेव्हा त्यावर सही असते ती त्या वेळी धर्मग्रामात असलेल्या धर्मगुरूची, जो कदाचित त्या माणसाच्या स्नानसंस्काराच्या दिवशी जन्मलेलाही नसतो. आपण न पाहिलेल्या गोष्टीची तो साक्ष देतो, कारण साक्ष त्याची नसतेच. ती पदाची असते.

"साक्ष तारखेची," असे सरांचे उत्तर होते. "कोणत्या दोन घरांत बांधावरून वीस वर्षे बोलणे नाही आणि म्हणून ती दोन माणसे सणाच्या समितीत एकत्र घालू नयेत, हे समासात लिहिलेले नसते. कोणती म्हातारी पायरी चढू शकत नाही आणि मिस्सेच्या वेळी मागच्या दारापाशी बसते, तिच्याकडे ख्रिस्तशरीर घेऊन चालत जावे लागते, हेही नसते. नवे फादर पहिले सहा महिने तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. तिला राग येत नाही. ती फक्त यायची थांबते."

हा मुद्दा हलका नव्हे, आणि बाईही येथे काही क्षण गप्प राहिल्या. परंतु त्यांनी मग जे विचारले त्याला सरांजवळही चटकन उत्तर नव्हते. जुन्या फादरांना ती म्हातारी ठाऊक होती. पण ती ठाऊक असलेली आणखी पन्नास माणसे त्या दिवशी चर्चमध्ये होती. त्यांपैकी एकानेही नव्या फादरांच्या कानी ते का घातले नाही? दीर्घकाळ राहिलेला आणि सर्व जाणणारा धर्मगुरू लोकांची जाणण्याची सवय मोडतो, असा त्यांचा आरोप होता. सगळे फादरांना माहीत आहे, मग आपण कशाला.

येथे एका ऐतिहासिक दाखल्याचा विचार करणे उचित ठरेल, कारण धर्मगुरू कोणाचे, वरून पाठवणाऱ्याचे की खालून स्वीकारणाऱ्याचे, हा प्रश्न मुंबई-वसई पट्ट्यात एके काळी शब्दशः हातघाईवर आला होता. त्या वादाला दोन बाजू होत्या : पद्रुआदो म्हणजे पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेला धर्मसंरक्षणाचा अधिकार, आणि प्रोपगांडा म्हणजे धर्मप्रसाराच्या कामासाठी १६२२ साली रोममध्ये स्थापन झालेले खाते. मुंबईत १७९४पासून काही चर्च गोव्याच्या आर्चबिशपांकडे, तर काही प्रोपगांडाच्या प्रतिनिधीकडे, अशी दुहेरी अधिकाराची व्यवस्था होती, आणि एखाद्या धर्मग्रामाने एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाण्याचे प्रयत्न वारंवार होत. १८५३ साली माहीमचे सेंट मायकल चर्च पद्रुआदोच्या बाजूला जाण्याची वेळ आली तेव्हा प्रोपगांडाचे बिशप अनास्तासियस हार्टमान यांनी स्वतः चर्चमध्ये ठाण मांडले. विरोधकांनी चर्चला वेढा घालून रसद तोडली, तो वेढा पंधरा दिवस चालला, आणि अखेर मुलकी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून चर्च उघडल्यावर ते पद्रुआदोच्या धर्मगुरूच्या ताब्यात गेले. ही दुहेरी व्यवस्था संपण्यास १९२८ साल उजाडले.

बाईंनी हा दाखला अर्थातच आपल्या बाजूने लावला : धर्मगुरू आणि गट यांची गाठ पक्की झाली की देवळाला वेढा पडतो, म्हणून नेमणारा हात एकच असावा आणि तो हलता ठेवणारा असावा. सरांनी तो उलटवला. माहीमचे भांडण राजाश्रय आणि रोम यांच्यातले होते, लोक त्यात ओढले गेले, आणि ओढले गेले कारण त्यांना एरवी कोणी विचारतच नव्हते, असे त्यांचे म्हणणे. दोघांच्या वाचनात तथ्य आहे. तरी सरांचे वाचन अधिक खोल जाते असे म्हणावे लागेल. आजच्या संहितेचे ५२४वे कलम बिशपांना नेमणुकीपूर्वी चौकशी करावयास सांगते, विभागीय धर्मगुरूंचे ऐकावयास सांगते, आणि गरज भासल्यास काही धर्मगुरूंचे व प्रापंचिकांचेही ऐकावयास सांगते. 'गरज भासल्यास' या दोन शब्दांच्या पलीकडे लोकांचा आवाज जात नाही. प्रॉटेस्टंट परंपरांत उत्तरे वेगळी निघाली : अहमदनगर परिसरात काम केलेल्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीवादी विचारात पाळक बोलावण्याचा अधिकार स्थानिक मंडळीचा मानला जाई, तर मेथडिस्टांत बिशप वार्षिक परिषदेत नेमणुकांची यादी वाचतात आणि पाळक बाडबिस्तरा उचलतो, कारण एकाच जागी फार काळ राहिल्याने उपदेशक आणि श्रोते दोघेही सुस्तावतात अशी जॉन वेस्ली यांची धारणा होती. यांपैकी कोणत्याही पद्धतीने तक्रारी थांबल्याचे दिसत नाही.

सरांचा पुढचा दाखला वसईचाच होता आणि भावनेला हात घालणारा होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ अशी चोवीस वर्षे 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. त्या काळात त्या मासिकाने वसईच्या ख्रिस्ती माणसाला मराठी साहित्याच्या अंगणात आणून बसवले, आणि पुढे २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद एका कॅथॉलिक धर्मगुरूकडे गेले. "त्यांना दर सहा वर्षांनी हलवले असते तर?" असे सरांनी विचारले, आणि त्याला जोडून थॉमस स्टीफन्स यांचे नाव घेतले, जे १५७९ साली गोव्यात आले, १६१९ साली वारले, आणि ज्यांचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले. ज्याला भाषा आणि माणसे यांच्यात मुरायला चाळीस वर्षे मिळाली त्याच्याच हातून असा ग्रंथ होतो.

"दोघेही मोठे, पण दोघांची थोरवी एकाच धर्मग्रामाची किल्ली कमरेला राहण्यात नव्हती," असे बाईंनी उत्तर दिले. "मासिक ही संस्था होती, भाषा हे क्षेत्र होते. एकाच गावचा दाखला हवा असेल तर बॅसिन कॅथॉलिक बँकेचा घ्या. मोन्सेनिअर मोनीस यांनी १९१८ साली पतपेढी काढली. ते गेले, पेढी राहिली, तिची बँक झाली, कारण त्यांनी ती सभासदांच्या नावावर उभी केली, स्वतःच्या नावावर नव्हे. फादर गेल्यावर जे बंद पडते ते फादरांचे होते. जे चालू राहते ते धर्मग्रामाचे."

हे वाक्य टाळीचे आहे, म्हणून त्याकडे सावधपणे पाहिले पाहिजे. संस्था उभी करणारा प्रथम विश्वास मिळवतो, आणि कर्जबाजारी बागायतदाराने आपले चार पैसे एका धर्मगुरूच्या शब्दावर पेढीत ठेवावेत, हा विश्वास नियमावलीतून येत नाही. सरांनी हेच सांगितले, अधिक थोडक्यात.

भाषेच्या प्रश्नावर मात्र दोघांच्या भूमिका अनपेक्षित रीतीने तिरक्या झाल्या. वसई रोड, नालासोपारा, विरार या पट्ट्यात गेल्या काही दशकांत इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत मुंबईहून कोंकणी, मल्याळी, इंग्रजी बोलणारी कॅथॉलिक कुटुंबे आली. गावठाणातील जुना ख्रिस्ती समाज घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलतो आणि चर्चमध्ये मराठीत प्रार्थना करतो. नवे फादर येतात, रविवारची एक मिस्सा इंग्रजीत करतात, तिची वेळ सोयीची ठेवतात, आणि पहाटे वाडीत पाणी सोडून साडेसहाच्या मिस्सेला येणाऱ्या माणसाला वाटते की आपली वेळ कोणी तरी उचलून नेली. सरांना हे खुपत होते. गायनमंडळाने पिढ्यान्‌पिढ्या बसवलेली मराठी गीते आता दोनऐवजी एकाच मिस्सेत गायली जातात, हे त्यांनी बोलून दाखवले. परंतु धर्मग्राम हा ५१८व्या कलमानुसार प्रादेशिक असतो, म्हणजे हद्दीत राहणारा प्रत्येक श्रद्धावंत त्याचा असतो, मग त्याचे आजोबा त्या दफनभूमीत असोत वा नसोत. "जुने फादर गावठाणाचे होते, सर. इमारतीतल्या लोकांना दहा वर्षे वाटत होते की आपण पाहुणे आहोत. बदली झाली तेव्हा ते पहिल्यांदा घरी आले." येथे सरांच्या स्थैर्याचा खरा अर्थ उघड होतो, आणि तो त्यांनाही जाणवला असावा : धर्मगुरूचे स्थैर्य बरेचदा आधीपासून बसलेल्यांच्या बाकांचे स्थैर्य असते.

उरतो तो मधला काळ, म्हणजे एक जातो आणि दुसरा येतो त्या दरम्यानचे दिवस. मुदत किती असावी यावर लोक हिरिरीने वाद घालतात, आणि हस्तांतराविषयी, जे खरोखर कोणाच्या तरी हातात आहे, सहसा कोणी बोलत नाही. हस्तांतरात काय दिले जाते याची यादी बाईंना तोंडपाठ होती. वस्तूंची यादी, कारण कारभार हाती घेणाऱ्याने चांदीचे कटोरे, वस्त्रे, जमिनी आणि इतर मालमत्ता यांची तपासलेली यादी सही करून घ्यावी असा नियम आहे, बँकेची खाती व त्यांवरील सह्या, शाळेची कागदपत्रे, आणि महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा १९५०चा कायदा असल्यामुळे, धर्मगुरू विश्वस्त असेल तेथे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नव्वद दिवसांच्या आत द्यावयाचा 'चेंज रिपोर्ट', म्हणजे विश्वस्त बदलल्याची कळवणी. "मेणबत्त्यांच्या खोक्यापर्यंत सगळे मोजून दिले जाते," असे त्या म्हणाल्या, "मग माणसांविषयीही चार पाने लिहून द्यावीत. दारापाशी बसणारी म्हातारी त्यात येईल, बांधावरचे भांडण येईल. सरांची तक्रार मिटेल."

ज्यांची तक्रार मिटणार होती त्यांनीच या सूचनेला कडाडून विरोध केला. पापनिवेदनात ऐकलेले लिहिता येत नाही हे उघडच आहे. तो शिक्का अभंग आहे. पण त्याच्या बाहेरचेही लिहू नये, असे सरांचे म्हणणे होते. एका माणसाने पंधरा वर्षांपूर्वी दारू पिऊन चर्चच्या आवारात तमाशा केला. त्याने दारू सोडली. जुन्या फादरांनी तो तमाशा पाहिलेला होता आणि ते कितीही चांगले असले तरी त्यांच्या डोळ्यांत तो दिसे. नवे फादर आले आणि त्यांनी त्या माणसाला पहिल्याच महिन्यात वाचन करायला उभे केले. "कागदावर आला असता तर तो कायमचा दारुडा राहिला असता."

सरांच्या संपूर्ण भूमिकेला यामुळे भगदाड पडले आणि ते बुजवण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. स्मृती टिकावी असे म्हणणारा पक्ष येथे विसराची बाजू घेतो आणि विसराला घाबरत नसलेला पक्ष लिहून ठेवण्याची. आणि हा बुद्धीचा घोटाळा नाही, धर्मग्राम नावाच्या गोष्टीला दोन्हींची गरज आहे एवढाच त्याचा अर्थ. कोणी काय लक्षात ठेवावे आणि कोणी काय सोडून द्यावे, याची वाटणी कोणत्याही कलमाने केलेली नाही. मात्र एक गोष्ट वसईच्या बाबतीत दुर्लक्षून चालणार नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर युरोपीय संन्यासी धर्मगुरू निघून गेले, त्यांचे मठ ओस पडले, आणि किल्ल्यातील बहुतेक चर्चची आज छपरेही शिल्लक नाहीत; गावांतील श्रद्धा मात्र घरोघरच्या प्रार्थना, आळीतले क्रूस आणि मोजके देशी धर्मगुरू यांच्या आधाराने टिकली. या प्रदेशाने पाहिलेला तो धर्मगुरूंचा सर्वांत मोठा बदल होता. आणि वसईने जगाला दिलेला संत, १५९७ साली नागासाकी येथे हुतात्मा झालेला गोन्सालो गार्सिया, हा फ्रान्सिस्कन बंधू होता, धर्मगुरू नव्हता, हेही सहज आठवावे.

नव्या प्रमुख धर्मगुरूच्या स्थापनेचा विधी बिशपांच्या हस्ते होतो तेव्हा चर्चच्या दाराशी त्याला किल्ल्या दिल्या जातात. तो लोकांसमोर आपल्या दीक्षेच्या वेळची वचने पुन्हा उच्चारतो. त्याला वेदीजवळचे आसन, पवित्र भाकर ठेवण्याचे टॅबरनॅकल, स्नानसंस्काराचे कुंड आणि पापनिवेदनाची जागा दाखवली जाते. जेथे शक्य असेल तेथे शेवटी सर्वांनी दफनभूमीत जावे, मृतांसाठी प्रार्थना करावी आणि थडग्यांवर पवित्र पाणी शिंपडावे, असेही विधिग्रंथात सुचवलेले आहे. बाईंच्या मते हा भाग वेळेअभावी गाळला तरी चालण्यासारखा आहे, कारण जूनमध्ये दफनभूमीत चिखल असतो आणि बिशपांना पुढच्या गावी जायचे असते. सर त्याला राजी नव्हते. मोठी मिरवणूक नको, पण नव्या फादरांबरोबर कोणी तरी एकाने ओळीओळीतून चालत जावे आणि क्रूसांवरची नावे वाचता वाचता कोणाचे कोण हे सांगावे, असे त्यांचे म्हणणे. कोणी जावे, असे बाईंनी विचारले. पॅरिश कौन्सिलचा सचिव जाईल का?

"सचिव इमारतीतला आहे," असे सर म्हणाले, आणि थोडे थांबून म्हणाले, "त्यालाही घेऊन जावे लागेल."